खंडेनवमीची पूजा आणि फाळक्यांचा कॅमेरा

नवरात्राचे नऊ दिवस जगदंबेच्या उपासनेचे. त्यांतील अखेरचा दिवस मात्र आपल्या पूर्वजांनी मोठ्या विचाराने हातातील साधनांसाठी राखून ठेवला आहे. खंडा म्हणजे खड्ग. त्या खड्गाच्या पूजेवरून या तिथीस खंडेनवमी हे नाव पडले. राज्ये गेली, खड्गे म्यान झाली, परंतु पूजा उरली आणि ती घरोघर, दुकानोदुकानी पसरली. आमच्या नाशकात नवमी-दशमीस सहज फेरफटका मारावा. तांबट आळीत हातोड्यांना हळदकुंकू लागलेले असते. छापखान्यातील यंत्रांवर झेंडूच्या माळा चढलेल्या असतात. निफाड-दिंडोरीकडील शेतकरी नांगर आणि ट्रॅक्टर शेजारीशेजारी उभे करून दोहोंस गंध लावतो. वैद्य खल पुजतो, शिंपी कात्री पुजतो, विद्यार्थी पाटीवर सरस्वती रेखाटतो. आम्ही कीर्तनकार मंडळी वीणा, झांजा, चिपळ्या आणि पोथ्या चौरंगावर मांडतो. आणि मेन रोडच्या किंवा रविवार कारंज्याच्या आसपास एखाद्या जुन्या छायाचित्रकाराच्या दुकानात डोकावले, तर तेथे पाटावर लाल वस्त्र अंथरून एक काळी पेटी ठेवलेली दिसते. कातडी आवरण काढून बाजूस ठेवलेले. भिंगावर अक्षता पडू नयेत म्हणून झाकण मात्र लावलेले.

या पेटीत आणि इतर साधनांत एक भेद आहे. शिंप्याची कात्री दसरा उलटताच कापडावर चालू लागते. फिल्मच्या या जुन्या कॅमेऱ्याची पूजा मात्र पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदा होते आणि पेटी पुन्हा कपाटात जाते. दुकानाचा व्यवहार नव्या, बिनफितीच्या कॅमेऱ्यावर चालतो. पूर्वी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म गावोगावी मिळत असे. तो कारखाना बंद पडला. परदेशातील कोडॅक्रोम ही विख्यात रंगीत फिल्म करणे २००९ मध्ये थांबविण्यात आले. फिल्म आजही मिळते, परंतु ती महाग झाली आहे आणि ती धुऊन देणाऱ्या अंधारखोल्या थोड्या उरल्या आहेत. घरातील तरुण मंडळी विचारतात, ही अडगळ कशाला ठेवायची? वृद्ध छायाचित्रकार उत्तर देत नाही आणि पेटीही देत नाही. याला निष्ठा म्हणावयाचे की मोह? विजयादशमीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते, कारण तो एकट्या छायाचित्रकाराचा नाही.

करण म्हणजे काय?

आपल्या शास्त्रांनी साधनास जड वस्तू म्हणून दूर सारलेले नाही. पाणिनीने क्रियेशी संबंध असणारी कारके सांगितली, त्यांत करणास वेगळे स्थान दिले. क्रिया सिद्धीस नेण्याच्या कामी जे सर्वांहून अधिक साहाय्य करते ते करण, अशी त्याची व्यवस्था आहे. लाकूडतोड्या कुऱ्हाडीने लाकूड तोडतो, यातील 'ने' हा प्रत्यय त्या करणाचा मान आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतील एक. साधनही पाचांतील एक. 'हे मी केले' असे म्हणणाऱ्यास भगवंतांनी तेथे अल्पबुद्धी ठरविले आहे, हे आपण विसरतो. खंडेनवमीची पूजा ही त्या विस्मृतीवरची दरवर्षाची मात्रा आहे. हात जोडून आपण कबूल करतो की, वर्षभर जे घडले त्यात या हातोडीचा, या वीणेचा, या भिंगाचा वाटा होता.

पूजेचे मर्म हे असेल, तर साधनावर प्रेम कसे करावे, हाही धर्माचाच प्रश्न ठरतो. त्याचे उत्तर पोथीत शोधण्यापूर्वी आमच्याच जिल्ह्यातील एका पुरुषाच्या चरित्राकडे पाहू. तो शास्त्र्याच्या घरी जन्मला, कॅमेरा घेऊन जगला आणि नाशकातच देह ठेवून गेला. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळा. परंतु त्यांस चित्रपटाचे जनक म्हणून नमस्कार करताना, ते आधी छायाचित्रकार होते हे आपल्या ध्यानी क्वचितच येते.

त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री दादासाहेबांचा जन्म झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. पुढे मुंबईत अध्यापनास गेले. मुलाने पाठांतर करावे, पुराण सांगावे, अशी परंपरा. मुलाचा ओढा मात्र चित्राकडे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. १८९० मध्ये त्यांनी पहिला कॅमेरा घेतला आणि टिपणे, धुणे, छापणे या तिन्ही क्रियांचे प्रयोग मांडले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्याचा ध्यास ओळखून तेथील छायाचित्रशाळा त्यास मोकळी करून दिली. त्यांचे काम पाहून एका चाहत्याने त्यांस एक किमती कॅमेरा भेट दिला, असेही चरित्रकार सांगतात.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. पुढे प्लेगाच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा दुकान मांडले, तर निराळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. राजघराण्यातील व्यक्तीचीही तशीच भीती फाळक्यांना समजूत घालून दूर करावी लागली. तरी धंदा बसला तो बसलाच. त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकून 'प्रोफेसर केळफा' या आपल्याच उलट्या नावाने ते करून दाखविले, पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली, ठसे व छपाईचा कारखाना काढला आणि राजा रविवर्म्यांची चित्रे छापणाऱ्या शिळामुद्रणाशीही त्यांचा संबंध आला. व्यवसाय बदलत गेले. परंतु प्रत्येक ठिकाणी प्रकाश, भिंग आणि अंधारखोली ही त्रयी त्यांच्यासोबत होती. प्रत्येक ठिकाणाहून ते एकेक कसब घेऊन निघाले आणि ते सारे पुढे एका पेटीत एकत्र आले.

पन्नास पौंडांची पेटी

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र हलत होते आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. एक लहान कॅमेरा व काही फिती मिळवून त्यांनी अभ्यास आरंभिला. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे आणि उरलेला वेळ प्रयोग. जागरणाने व ताणाने डोळ्यांची दृष्टी गेली. ज्याचे सारे जीवित डोळ्यांवर अवलंबून, त्यालाच अंधत्व! मुंबईतील एका नेत्रवैद्याच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली, तेव्हा हा गृहस्थ पुन्हा त्याच कामास लागला.

आयुर्विम्याची पत्रे तारण ठेवून त्यांनी कर्ज उभारले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहावयास मिळाले. पन्नास पौंडांस विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी विकत घेतला, कोडॅकची कोरी फीत आणि तीस छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले.

हा कॅमेरा म्हणजे हाताने फिरवावयाच्या दांड्याची लाकडी पेटी. वीज नाही, आपोआप चालणारे काही नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. सेकंदास दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. फितीच्या एका फुटात सोळाच चित्रे मावत असल्याने एका सेकंदास एक फूट फीत खर्ची पडे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागत. हात घाईस आला तर ती रेंगाळत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कीर्तनात झांज धरली असेल, त्यांस हे निराळे सांगावयास नको. बुवा कितीही रंगात आले तरी झांजेकऱ्याने रंगून चालत नाही. त्याच्या हाताने लय सांभाळावयाची, म्हणजे बाकीच्यांनी खुशाल रंगावे. कॅमेऱ्याचा दांडा फिरविणारा हात हा असा झांजेकऱ्याचा हात होता.

फीत कोरी येई. तिला दोन्ही कडांस छिद्रे घरीच पाडावी लागत. एका चित्रास एका कडेची चार छिद्रे, म्हणजे फुटास चौसष्ट. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे एकाच कडेची छिद्रे दोन लक्ष छत्तीस हजारांवर जातात! हे काम अंधारात करावयाचे, कारण उजेडाचा कण लागला तर फीत वाया. दिवसभर घरचा आणि कंपनीतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून, रात्री अंधारखोलीत बसून सरस्वतीबाई फाळके हे काम करीत. त्यांनी अंगावरचे दागिने या कार्यासाठी काढून दिले. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश पात्रांवर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या तासन् तास उभ्या राहिल्या. फिती धुण्याचे रसायनही त्यांनी हाताळले. दादासाहेबांच्या कॅमेऱ्याची पहिली पूजा कोणी केली असे विचाराल, तर आम्ही या माउलीचे नाव सांगू.

घटातले धान्य, कुंडीतले रोप

नवा कॅमेरा आला, परंतु चित्रपटास पैसे देणारा कोणी पुढे येईना. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. महिन्याहून अधिक काळ कुंडी आणि कॅमेरा जागचा न हलविता, ठरावीक अंतराने एकेक चित्र ते घेत राहिले. ती फीत सलग दाखविली तेव्हा बीज फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल झाली, असे सारे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

घटस्थापनेच्या दिवशी आपण घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांनी उगवलेले हिरवे-पिवळे तुरे दसऱ्यास देवास वाहतो, टोपीत खोवतो. रोज पाणी शिंपावयाचे, उकरून पाहावयाचे नाही, एवढाच त्यातील नियम. वाटाण्याच्या त्या रोपासमोर फाळक्यांनी महिनाभर जे केले ते याहून वेगळे नव्हते. यंत्राची पारख करावयाची तर मोठा देखावा उभारावा लागत नाही. एक बीज आणि रोजचा नेम पुरतो. साधनाशी ओळख होते ती अशी, दिवसागणिक.

ही ओळख आतून हवी, हे त्या पिढीचे विशेष. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच्या कारखान्यात कॅमेरा घडविला आणि त्यावर 'सैरंध्री' हा १९२० चा चित्रपट टिपला. फाळक्यांनी यंत्र विकत घेतले, पेंटरांनी ते निर्माण केले. परंतु बिघडले तर खोलता येणार नाही असे साधन दोघांनीही हाती धरले नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याचा कॅमेरा चालविला तो त्र्यंबक तेलंग यांनी. हे फाळक्यांचे त्र्यंबकेश्वरचे स्नेही. त्यांस कॅमेरा फिरविण्याची विद्या फाळक्यांनी स्वतः शिकविली होती. जो कॅमेरा कर्ज काढून, दृष्टी पणास लावून आणला, त्याचा दांडा पहिल्याच मोठ्या कार्यात त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

नाशिकची वर्षे

पहिल्या यशानंतर फाळके मुंबई सोडून नाशकास आले. घाट, देवळे, नदी, डोंगर, झाडी. पुराणकथेला लागणारी सारी नेपथ्ये येथे ईश्वराने आधीच उभारून ठेवली होती. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथेच राहून काम करण्याविषयी त्यांस विचारण्यात आले. त्यांनी ते स्वीकारले नाही. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पंचवटीच्या या भूमीत वावरणाऱ्या कॅमेऱ्याने रामकथा टिपावी, यात आम्हांस योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकट होताच प्रेक्षक हात जोडीत, साष्टांग नमस्कार घालीत, असे वर्णन आहे. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि पाठोपाठ १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' झाला. त्यात बाळकृष्णाचे काम केले ते फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने.

देव प्रकट होणे, अंतर्धान पावणे, एकाचे दोन होणे हे सारे त्या लाकडी पेटीतच घडे. भिंगाचा काही भाग झाकावयाचा, चित्र घ्यावयाचे, फीत मोजून मागे फिरवावयाची, झाकलेला भाग उघडून त्याच फितीवर दुसरे चित्र घ्यावयाचे. मोजण्यात चार चित्रांची चूक झाली तरी चमत्काराचा विचका. जादूगार केळफाचे हात, पुराणिकाची दृष्टी आणि छायाचित्रकाराची शिस्त येथे एकवटली होती. आम्ही उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा शब्दांनी जे चित्र उभे करण्याची धडपड करतो, ते दाजीशास्त्र्यांच्या या पुत्राने प्रकाशाने उभे केले. वडिलांची गादी त्याने सोडली असे जनांस वाटले असेल. आमच्या मते त्याने वीणेच्या जागी कॅमेरा धरला, एवढेच.

शमीवरची आयुधे

पुढे भागीदारांशी मतभेद झाले. फाळके कंपनी सोडून काशीस गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी लिहिले. १९२२ मध्ये ते पुन्हा नाशकास, चित्रपटाकडे परतले. विराटनगरीच्या बाहेर पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर बांधून ठेवली ती कथा दसऱ्यास आपण दरवर्षी ऐकतो. त्या कथेत आयुधे उतरविण्याचा प्रसंग आहे म्हणूनच शमीची पूजा आहे. अज्ञातवास संपताच अर्जुनाने गांडीव खाली काढले आणि प्रत्यंचा चढविली. आयुध झाडावर ठेवणे हा दोष नव्हे. ते कशासाठी ठेवले याचा विसर पडणे हा दोष होय.

फाळक्यांचा पुढचा काळ पडता होता. बोलपटाचे युग आले. 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला आणि नंतर त्यास ध्वनी जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट आणि तोच शेवटचा. तरी मन निवृत्त झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात चित्रनिर्मितीस सरकारी परवाना लागे. सत्तरी उलटलेल्या फाळक्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे निधन झाले.

गांडीव परत देताना

येथे प्रारंभीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आयुष्याच्या संध्याकाळीही कॅमेरा न सुटणे ही निष्ठा की मोह?

महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात यासंबंधी एक प्रसंग आहे, तो कीर्तनांतून क्वचितच सांगितला जातो. पांडव सर्वस्व सोडून निघाले आहेत. राज्य सुटले, वस्त्रे सुटली. अर्जुनाच्या खांद्यावर मात्र गांडीव आहे. द्वारकेतील स्त्रियांचे रक्षण करताना ते धनुष्य त्यास धड वाकविताही आले नव्हते, अक्षय्य म्हणून गाजलेले बाण सरले होते, आणि आता तुमच्या अस्त्रांचे कार्य संपले असे व्यासांनी स्वतः सांगितले होते. तरी ते त्याने टाकले नाही. असे का, तर रत्नाच्या लोभाने, असे महाभारतकार स्पष्ट म्हणतात. आपल्या लाडक्या नायकाविषयी इतका कठोर शब्द! मग मार्गात अग्नी उभा राहतो. खांडववनाच्या वेळी वरुणाकडून हे धनुष्य मीच आणून दिले होते, ते आता वरुणास परत कर, असे तो सांगतो. अर्जुन गांडीव आणि भाते जळात सोडतो आणि पुढे चालू लागतो.

या प्रसंगात मोहाची खूण आहे. कार्य संपल्यावर जे साधन केवळ रत्न म्हणून जवळ राहते, ते ओझे होते. साधन आपले नसते. कोणाकडून तरी आलेले असते आणि कोणाकडे तरी जावयाचे असते. फाळक्यांनी अखेरच्या वर्षांत मागितली ती काम करण्याची मुभा. कॅमेरा शोभेसाठी जवळ असावा असे त्यांचे मागणे नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो अखेरपर्यंत करण होता. आणि देण्यासारखे जे होते ते त्यांनी केव्हाच देऊन टाकले होते. तेलंगांस दांडा दिला. सरस्वतीबाईंस अंधारखोलीची विद्या दिली. ज्या अण्णा साळुंक्यांनी तारामती आणि सीता रंगविली, तेच पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिले. आपल्या शास्त्राने ऋषिऋण फेडण्याचा एकच मार्ग सांगितला आहे, तो अध्ययन-अध्यापनाचा. विद्या शिकविली की ऋण फिटते.

अग्नीने नेले ते

अग्नीने आपले देणे फाळक्यांकडूनही वसूल केले आहे. लहानमोठे मिळून शंभराच्या घरात त्यांनी केलेल्या चित्रपटांपैकी आज फार थोडे उरले आहेत. त्या काळची फीत नायट्रोसेल्यूलोजची. बंदुकीच्या कापसाची ती सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटली तरी वर्षानुवर्षांत चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. कित्येक जुन्या फिती तर त्यांतील चांदीसाठी वितळविल्या गेल्या. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकाने गावोगाव फिरून तुकडा तुकडा जमविला, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चे, 'लंकादहन'चे, 'श्रीकृष्णजन्म'चे काही अंश आणि 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आपणांस पाहावयास मिळतो. तेथेही जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती भस्म झाल्या. ज्यांच्या प्रती आधी करून ठेवल्या होत्या ते चित्रपट वाचले. प्रत करून ठेवणे, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या हाती देणे, तेवढेच अग्नीच्या पलीकडे गेले.

आजच्या पूजेसाठी

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार देशात मोठा मानला जातो. परंतु आमच्या मते त्यांच्या स्मरणाची खरी जागा खंडेनवमीचा पाट ही आहे. ज्या छायाचित्रकार बंधूंच्या घरी फिल्मचा जुना कॅमेरा आहे, त्यांनी तो भंगारात घालू नये. आणि केवळ हळदकुंकवाचा धनी करूनही ठेवू नये. चातुर्मासात नाशकाच्या दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. दसऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्या दिवसांत पेटी बाहेर काढावी, आतले जुने सेल असतील तर काढून टाकावेत, मऊ फडक्याने पुसावी, झडप उघडते की नाही ते पाहावे. शक्य असेल तर वर्षाकाठी एक तरी फिल्म तीत घालावी. छत्तीस चित्रांची ती फिल्म घरातील नातवाच्या, नातीच्या हाती द्यावी. प्रकाश डोळ्यांनी कसा मोजावयाचा, अंतर कसे धरावयाचे, छत्तीसच संधी आहेत म्हणून एकेक कशी जपून वापरावयाची, हे त्यांस शिकवावे. ज्या हाताला हजार चित्रे फुकट काढण्याची सवय लागली आहे, त्याला या छत्तीसांचा संयम उपवासासारखा हितकर ठरेल.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्याच्या शेजारी कपाटात निगेटिव्हची पाकिटे असतात. १९८० च्या सिंहस्थातील शाहीस्नान, काळारामाचा रथ, गंगेवरची जुनी वस्ती, कोणाकोणाची लग्ने, कोणाकोणाचे आता हयात नसलेले आईबाप त्यांत उलटे, काळ्याचे पांढरे होऊन निजले आहेत. ते कोण, कोठे, केव्हा, हे सांगू शकणारा माणूस आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तो बसला असेल तोवर पाकिटावर नाव आणि साल लिहून घ्यावे, प्रत करून घ्यावी. भिंगाला फूल वाहण्याइतकेच हे पूजेचे अंग आहे; किंबहुना नैवेद्य हाच.

वीणा भिंतीला टांगून ठेवली तर तिची तार गंजते. बोट लागत राहिले तर ती पिढ्यान् पिढ्या बोलते. आमच्या हातातील वीणा आम्ही केली नाही. ती आमच्यापाशी राहणारही नाही. उद्या दशमीस सीमोल्लंघन आहे. गावाची वेस ओलांडून ईशान्येस जाताना प्रत्येकाने आपल्या साधनाचीही एक वेस ओलांडावी आणि ते एका तरी नव्या हातास दाखवावे. आपट्याचे पान देताना आपण सोने दिले असे म्हणतो. विद्या दिली तर ते म्हणणे अक्षरशः खरे होईल. सर्व वाचकांस विजयादशमीच्या शुभेच्छा. सोने घ्या, सोन्यासारखे राहा.